ओढ्यापर्यंतचा फटका

सकाळी आठाला पाच मिनिटं कमी असताना खेळाडूंच्या काठ्या वाहणारे कॅडी लोक गोल्फच्या मैदानात शिरले आणि पन्नास पावलांवर जाऊन थांबले.

वॉटी लम्सडेननं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वीसच्या वीस जण. खिशात हात घालून, समुद्राचं वारं खात, पन्नास पावलांवर. एखादं शेंबडं पोर खेळायला उभं राहिल्यासारखं.

पिटलॉयच्या क्लबात हे असंच चालतं, आणि आजचा नवा कप्तान वॉटी. नव्या कप्तानानं पहिला फटका मारायचा, त्याच घटकेला तोफ उडायची, आणि जो कुणी पळत जाऊन चेंडू उचलेल त्याला व्हिस्कीची बाटली. त्यामुळं चेंडू कुठं पडेल वाटतं तिथंच जो तो उभा राहतो. तोंडानं माणूस गोड बोलेल हो, पण बाटली समोर असली की पाय खरं तेच बोलतात.

आणि त्या विसांतल्या सतरा जणांना काठी धरायला वॉटीनंच शिकवलेलं.

"ए डोड!" वॉटी गरजला. "मागं सरका! मी काय मेलोय काय?"

डोड कॅडींचा म्होरक्या. त्यानं तिथूनच टोपी काढली. "रागावू नका मास्तर! जीव आहे तुमच्यावर आमचा. पण बाटलीवर जरा जास्तच आहे!"

सगळे खो खो हसले. तोफेपाशी बसलेला म्हातारासुद्धा.

क्लबचा सेक्रेटरी हॅलिडे हळूच वॉटीच्या कानाशी आला. "हट्ट कशाला करतोस वॉटी? तुझ्या वतीनं दुसऱ्यानं मारला तरी चालतं. हा नवा कोच आलाच आहे, तो मारेल."

नवा कोच मागं उभा होता. तिशीचा, पांढरे बूट, पोरगा वाईट नव्हता. सोमवारपासून शिकवण्या त्याच्याकडे जाणार होत्या. अडतीस वर्षं शिकवलेल्या माणसाला कप्तान करायचं, फोटो काढायचा, आणि हारतुरे घालून घरी बसवायचं, असा सगळा बेत. दोन वर्षांपूर्वीच्या अर्धांगाच्या झटक्यानंतर वॉटीच्या उजव्या हातात चहाचा कपसुद्धा ठरत नव्हता. हे गावाला ठाऊक, हॅलिडेला ठाऊक, वॉटीला तर ठाऊकच.

"हॅलिडे, एक सांग," वॉटी म्हणाला. "चेंडू त्या गाढवांच्या डोक्यावरून गेला तर?"

"तर काय?"

"तर सोमवारी शिकवायला मी."

हॅलिडेनं पन्नास पावलांकडं बघितलं, मग वॉटीच्या लोंबणाऱ्या हाताकडं. "बरं बाबा, बरं," तो म्हणाला. आजाऱ्याला म्हणतात तसं.

तेवढ्यात गर्दीतून एफी निघाली. वॉटीची बायको. डोक्याला रुमाल, हातात बेकरीतल्या गरम पावांची पिशवी. कुणाशी काही न बोलता ती सरळ मैदानात उतरली आणि चालायला लागली.

कॅडींपाशी पोचली तसा डोड म्हणाला, "या मास्तरीणबाई, इथं जागा आहे."

एफी थांबलीच नाही.

"अहो, मासे धरायला चाललात काय?"

ती चालतच राहिली. शंभर पावलं. दीडशे. पार ओढ्यापाशी गेली, लाकडी पुलाच्या अलीकडं, जिथं पंचविशीतल्या वॉटीचे चेंडू पडायचे. तिथं वळली. पिशवी खाली ठेवली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

कॅडी हसायचे थांबले.

सात महिने, एफी सकाळी बाजाराला गेली रे गेली की वॉटी धुण्याच्या खोलीत जुनं कांबळं टांगायचा आणि एकट्या डाव्या हातानं त्यावर चेंडू हाणायचा. तिला पत्ता नाही, अशी त्याची समजूत. त्या कांबळ्याला रोज भोकं पडायची. आणि दर आठवड्याला ते पुन्हा धड असायचं. कसं, हे त्या येड्यानं कधी मनाला विचारलंच नव्हतं.

त्यानं काठी डाव्या हातात घेतली. उजवा हात कोटाच्या खिशात कोंबला. खुंटीवरच्या चेंडूकडं बघितलं, आणि मग कुणाकडंच बघितलं नाही.

तोफ उडाली.

चेंडू खाली खाली, वाऱ्याच्या पोटातून गेला. डोडनं चेंडू चुकवायला मान खाली घातली, वीसच्या वीस जणांनी घातली. वरून सूं करून गेला, गवतावर आपटला, दोन उड्या मारल्या, घरंगळत घरंगळत गेला, आणि एफीच्या चाळीस पावलं अलीकडं निवांत बसला.

हॅलिडेचं तोंड उघडं ते उघडंच. नव्या कोचनं तेवढ्या टाळ्या वाजवल्या, मनापासून.

चेंडू तिथंच पडलेला. कुणी पळालं नाही. सगळे एफीकडं बघत होते, कारण चेंडूच्या सगळ्यांत जवळ तीच, आता बाटली तिचीच. पण एफीनं एक पाऊल पुढं टाकलं नाही. तिनं तोंडाशी हात धरले आणि भर वाऱ्यात ओरडली,

"कमी पडला! परत मार!"

डोडनं टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि तो चालायला लागला. मागोमाग बाकीचे. गवतातल्या चेंडूला वळसा घालून ते पुढं गेले, ओढ्यापर्यंत गेले, आणि एफीच्या मागं ओळीनं उभे राहिले.

"म्हाताऱ्या," वॉटी तोफवाल्याला म्हणाला, "तोफेत दारू भर परत." आणि मागं न बघता त्यानं डावा हात हॅलिडेपुढं पसरला. "चेंडू दे."