पांडेलिसचं ताट

“तोंडाकडे काय बघतेस, ताटाकडे बघ. माणूस तोंडानं खोटं बोलेल, ताटात नाही बोलायचा.”

आई जाऊन बावीस वर्षं झाली, तरी खाणावळीतली उष्टी ताटं उचलताना झाम्बेताला तिचा आवाज ऐकू यायचा. आत्ताही आला. पांडेलिसच्या ताटातल्या तळलेल्या तांबड्या मासळीला बोटसुद्धा लागलं नव्हतं. पावाचा तुकडा तेवढा संपला होता, आणि ऑलिव्हच्या चार बिया कडेला पडल्या होत्या.

“बिघडलंय का काही?” तिनं विचारलं. “सकाळीच होडीतून उतरलीय. माझ्या हातानं तळली.”

“छे गं, फक्कड झालीय,” पांडेलिस म्हणाला आणि त्यानं ताट बायकोकडे सरकवलं. “फोतिनी खाते की.”

फोतिनीनं एक मासा उचलला, काटा काढला आणि सावकाश खाल्ला. झाम्बेता बघतच राहिली.

तीस वर्षं हे नवरा-बायको ऑगस्टात अथेन्सजवळच्या पिरियस बंदरातून बेटावर यायचे आणि दुपारी याच टेबलाशी बसायचे. पंधरा तारखेला देवमातेचा सण, आणि त्याआधी चौदा दिवस उपास. रक्ताचा जीव चालत नाही. शिंपल्यांतले शिनाणे, माकूल, ऑक्टोपस चालतात. मासा फक्त सहा तारखेला, तेवढा एक दिवस. फोतिनीनं हा उपास कधी मोडला नव्हता आणि पांडेलिसनं कधी धरला नव्हता. उलट तो तिच्या नाकासमोर मासा नाचवायचा. “घे की एक घास! देवमाता सणाच्या गडबडीत आहे, तिला कुठला वेळ तुझ्याकडे बघायला!” ती हसून त्याच्या हातावर चापट मारायची आणि ऑक्टोपसची सगळ्यात जाड तंगडी त्याच्या ताटात टाकायची.

आणि यंदा हे असं. पांडेलिसचा सदरा अंगावर लोंबत होता, पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं होतं. जेवून दोघं एकमेकांना धरून चढ चढायची. कोण कोणाला सावरतंय ते धड कळायचं नाही. भर उन्हात फोतिनी रुमाल कानांवरून घट्ट बांधून असायची, देवळात निघाल्यासारखी.

रोज ती त्याच्या आवडीचं एकेक मागवायची. द्राक्षाच्या पानात भाजलेली तारली. खडकातल्या माशाचं पातळ कालवण.

“तुझ्या वाटचं मी खाते,” ती त्याला म्हणायची. “शब्द दिलाय ना.”

“मग चिवडत बसू नकोस. गीळ.”

जन्मभर पाळलेलं व्रत बाईनं नवऱ्याच्या मनासाठी मोडलं होतं. एकदा झाम्बेतानं फोतिनीला हात धुताना एकटीला गाठलं.

“डॉक्टर काय म्हणतात गं?”

फोतिनीनं नळ बंद केला. “हा उन्हाळा म्हणाले. पुढचा नाही.”

“त्याला सांगितलंय?”

“त्याच्यासमोरच सांगितलं. तो डॉक्टरांच्याच अंगावर धावून गेला.” ती जराशी हसली. “तू इथे कोणाला बोलू नकोस हं. कीव केलेली नाही आवडत.”

झाम्बेतानं जीभ आवरली, हात मात्र आवरले नाहीत. रोज त्याच्यापुढे ती काही ना काही वाढून ठेवायची, आणि पांडेलिस ते रोज बायकोकडे सरकवायचा. सहा तारखेला गर्दीच्या धांदलीत तिनं मान वळवून पाहिलं, तर त्यानं अख्खा मासा संपवून काटा चोखून ठेवला होता. तिला आनंद नाही झाला, धस्स झालं. जाणाऱ्या माणसाला मधेच एखाद्या दिवशी अशी भूक लागते, हे तिनं आईच्या वेळी पाहिलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव आणि ऑलिव्ह.

चौदा तारखेला तिला राहवलं नाही. माशाचं गरम कालवण घेऊन ती टेबलाशीच उभी राहिली.

“उपासाची लाज आता कशाला वाटायला लागली तुला, या वयात? बायको बघतेय म्हणून? आजाऱ्याला उपास नाही, पांडेलिस. पाद्रीबाबा स्वतः सांगतात.”

“माहीत आहे,” पांडेलिस म्हणाला. “आम्हालाही त्यांनीच सांगितलं.”

“मग खा!”

त्यानं वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि फोतिनीपुढे ठेवला. फोतिनीनं चमचा बुडवला. झाम्बेता डोळ्याला ॲप्रनचं टोक लावत आत गेली.

सणाच्या सकाळी घंटा वाजू लागल्या. बंदरापासून वर देवळापर्यंत तीनशे दगडी पायऱ्या, आणि नवस बोललेली माणसं त्या गुडघ्यांवर चढतात. झाम्बेतानं दार उघडलं तर पायऱ्यांच्या तळाशी पांडेलिस गुडघ्यांना फडकी बांधत होता. फोतिनी भिंतीशी खुर्चीवर बसली होती.

झाम्बेता धावतच गेली. “वेड लागलंय का तुला? या तब्येतीत?”

“माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?” पांडेलिस म्हणाला. “चौदा दिवस मासा नाही खाल्ला म्हणून माणूस मरतो होय?”

“चौदा कसले,” फोतिनी म्हणाली. “फेब्रुवारीपासून चाललंय ह्याचं. ऐकतोय कुठे.”

समुद्राकडून वारा आला. फोतिनीचा रुमाल मागे सरकला. खाली एकही केस नव्हता.

पांडेलिस उठला, रुमाल पुढे ओढून त्यानं हनुवटीखाली गाठ मारली, जरा सैल, तिला टोचणार नाही अशी.

“दुपारी येतो,” तो म्हणाला. “आज दोन ताटं सांग.”

आणि त्यानं पहिल्या पायरीवर गुडघे टेकले.