आईचं ताट

आईला पहाटे दवाखान्यात हलवलं, तेव्हा दोन्ही पोरं झोपेत होती. "आईला ताप आहे. ती आतल्या खोलीतच राहणार, दाराला कोणी हात लावायचा नाही!" बाबाने सकाळी दरडावून सांगितलं. लॉकडाऊनमध्ये मदतीला कोणाला बोलवायची सोय नव्हती, आणि खरं कळलं असतं तर तीन वर्षांच्या धाकट्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

तेव्हापासून दोन्ही वेळा बाबा आईचं ताट घेऊन त्या खोलीत जायचा, आतून कडी लावायचा आणि दवाखान्याच्या फोनची वाट बघत ते कसंबसं संपवायचा. पोरांसोबत बसला की मात्र त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

सहाव्या दिवशी आठ वर्षांच्या थोरलीने आईच्या ताटात वाटाण्याच्या भाजीचा आणखी एक डाव वाढला. आई वाटाण्यांना शिवतही नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"अगं, एवढी कशाला? आईला वाटाणे आवडत नाहीत ना!"

धाकटा बंद दाराच्या फटीतून आईसाठी त्याची छोटी मोटार आत सरकवत होता. थोरलीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती बाबाच्या कानाशी आली.


"माहितेय. पण तुला आवडतात. आणि तू फक्त आईच्याच ताटातलं जेवतोस."