नुसती कडी

"दहापैकी दोन!" गॅरेजवाल्याने निकाल देऊन टाकला. दर शनिवारी सलूनमध्ये तिघे दोस्त जमायचे आणि आठवड्यात पाहिलेल्या भुताच्या सिनेमांना गुण द्यायचे.

"मला तर दरदरून घाम फुटला राव," न्हावी म्हणाला. "माझे आठ."

"तू भित्री भागूबाईच! अरे, भूत शेवटपर्यंत दाखवलंच नाही. नुसती फाटकाची कडी वाजते आणि अख्खं घर चिडीचूप. पोरं हसता हसता गप्प, बाई हातातलं काम टाकून उभी. कडीला कोण घाबरतं? काहीही दाखवतात लेकाचे!"

वायरमन सात म्हणणार होता. गॅरेजवाल्याचे डोळे बघून तो चार म्हणाला.

गॅरेजवाला तणतणतच घरी निघाला. पोरांचं खिदळणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं, त्यात बायकोचंही हसू होतं.



त्याने फाटकाची कडी काढली, आत सगळं चिडीचूप झालं, आणि पोरांना चांगलं वळण लावल्याच्या समाधानात त्याने दाराशी चपला काढल्या.