पालकांची मीटिंग

देडतलाई गावातली मजुरी सोडून मालूबाई घरच्यांसोबत बऱ्हाणपुरात लालबागला राहायला आली, त्याला दोन वर्षं झाली. नवरा पॉवरलूमवर जायचा, ती केळीच्या गोदामात. लेक हिमानीला मात्र मोठ्या इंग्रजी शाळेत फुकट शिकायला जागा मिळाली, आणि वर्षभरात 'माय'ची 'मम्मी' झाली.

शाळेत पालकांची मीटिंग होती. मालूबाई ठेवणीतली साडी नेसून निघाली.

"मम्मी, तिथं काही बोलू नको हं. तुझी बोली ऐकून पोरी हसतील," रस्त्यात हिमानी म्हणाली.

"बरं बाई, थोडंच बोलीन," मालूबाई हसून म्हणाली.

वर्गात मॅडमनी तिला आदरानं खुर्ची दिली. मग एकेक शब्द सुटा करत, हातवारे करत त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हिमानी... पढ़ाई में... बहुत अच्छी है!"

मालूबाईला नवल वाटलं. दुसऱ्या आयांशी मॅडम अशा बोलत नव्हत्या. ती काही विचारणार, तेवढ्यात मॅडमनी मायेनं तिचा हात धरला.

"आप तकलीफ मत कीजिए. हिमानी ने पहले ही दिन बताया था, मेरी मम्मी जन्म से गूँगी है."

मालूबाईनं लेकीकडं पाहिलं. हिमानी मान खाली घालून बुटांकडं बघत होती. मागच्या बाकावर तिच्या मैत्रिणी आपापल्या आयांना बिलगून बसल्या होत्या.



मालूबाईनं ओठांवर आलेला शब्द गिळला, आणि हवेत बोट फिरवून खुणेनंच मॅडमना विचारलं, सही कुठं करू?