सावकाश पहाट

दुसरी घंटा झाली, तरी ऋजुताचा प्रकाशयोजनेचा प्रोग्राम या नाट्यगृहातल्या जुन्या, दांड्यांच्या लाइटबोर्डाशी काही केल्या जुळेना.

"प्रोग्राम बंद, म्हणजे आता प्रयोगही बंद!" दिग्दर्शक कडाडला.

"प्रोग्राम अडलाय. फाईल आहे ना!" ऋजुताने लॅपटॉप मांडीवर ओढला. "काका, दांड्या तुम्ही धरा. मी वाचते."

भार्गवकाकांनी उभा जन्म हातांनी दिवे चालवले होते. ऋजुताचा संगणक आल्यापासून ते विंगेत नुसते फुरंगटून बसत. "आकड्यांना काय कळतंय नाटकातलं?" असं पुटपुटतच ते उठले.

प्रत्येक प्रसंगाचा प्रकाश तिचा प्रोग्राम एक्सएमएल फाईलमध्ये साठवायचा, साध्या मराठी नावांच्या कप्प्यांत. प्रसंग, त्यात दिवा, त्यात तीव्रता. फाईल उगाच फुगते म्हणून दिग्दर्शकाने तिची टिंगल केली होती. पण ती फाईल यंत्राइतकीच माणसालाही वाचता येत होती. शिवाय प्रत्येक प्रसंगात तिने स्वतःहून आणखी एक कप्पा ठेवला होता, शेऱ्याचा.

पडदा उघडला. ती कुजबुजत वाचू लागली. "प्रसंग पहिला, पहाट. निळा दिवा, अर्धा. शेरा : घाई नको गं, बाई अजून रडतेय. तिचा पदर डोळ्यांवरून खाली येऊ दे, मग उजेड."

काकांचा हात दांडीवर थबकला. तालमीत विंगेत बसल्या बसल्या तिच्यावर खेकसताना वापरलेले त्यांचेच शब्द होते ते.

"हे सगळं ठेवलंस तू?"

"सेव्ह केलंय, काका. बघा, पदर खाली आला."

रंगमंचावर सावकाश उजाडलं.