घोंगडीचा मान

कॅरिबियन बेटांवरच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये यंदा सर्वाधिक गुण मिळवणारा महांतेश आपल्या चिंताकी गावी परतला, तेव्हा त्याच्या सत्कारसभेचे अध्यक्षपद क्रीडाशिक्षक सुधींद्र सरांनी आपण होऊन स्वीकारले. "याला मीच घडवला," असे त्यांनी तीनदा सांगितले. बारा वर्षांपूर्वी त्याला शाळेच्या संघातून काढताना त्यांनी सर्वांसमोर नाकाला रुमाल लावला होता. "अंगाला मेंढरांचा वास येतो. जा, कळपामागेच पळ," हे त्यांचे तेव्हाचे शब्द होते.

महांतेश उत्तरादाखल उठला. "आधी माझ्या गुरूंचा मान," असे म्हणून त्याने वडिलांच्या खांद्यावरची घोंगडी घेतली. वडील, रामलिंगअप्पा, घाबरून पुटपुटले, "आरं, कामून ती? काल हिच्यावरच मेंढी व्याली की रं! धुतली बी न्हाई."

"म्हणून तर हीच आणा म्हणलो व्हतो, अप्पा."

वैशाखाच्या भर दुपारी त्याने ती सरांच्या गळ्याभोवती नीट लपेटली. मानाची घोंगडी सभा संपेपर्यंत उतरवायची नाही, अशी गावाची रीत होती आणि ती सरांनाही ठाऊक होती. टाळ्या थांबल्यावर महांतेशने खिशातून लिहून आणलेले भाषण काढले. त्याची पाने एकेचाळीस होती.

दुसऱ्याच पानाला सरांचा हात खिशाकडे गेला.



महांतेश वाचता वाचता थांबला आणि माइक तोंडाजवळ घेऊन अत्यंत आदराने म्हणाला, "सर, रुमाल कामून काढायलाव?"