गारव्यातला संत

"संताला बाहेर काढा," इटलीतल्या त्या छोट्या गावातली आसुंताआजी कलादालनाच्या दारात गरजली. मागे अख्खं गाव. द्राक्षवेली करपल्या होत्या, आणि पाऊस पडेपर्यंत संताचा लाकडी पुतळा भर उन्हात उभा करायची गावाची जुनी रीत होती.

"आजीबाई, ही पाचशे वर्षांची कलाकृती आहे. एसीतच ठेवावी लागते," संचालक म्हणाला.

"तेच म्हणते मी! गारव्यात बसलेल्याला आमचं ऊन काय कळणार, मेल्या?"

संचालकाने तिच्या तोंडावर दार लावलं आणि आतून कडी घातली. आजीचा जावई वायरमन होता. दुपारी दालनाची वीज गेली.

तिसऱ्या दिवशी, बनियनवर आलेला संचालक संतासमोर मुठी आवळून ओरडत होता, "अरे, पाड की एकदाचा!"